पँट्रीच्या दाराची कडी

लांब पल्ल्याच्या एका गाडीतल्या पँट्रीच्या मॅनेजरने माझ्या आईला फसवलं. एकदा नाही, दोनदा. आधी तिने फुकट दिलेल्या चार नागलीच्या भाकऱ्या त्याने एसीच्या डब्यात विकल्या, आणि मग कबूल केलेलं गरम जेवण तिला दिलं नाही. मला त्याने फसवलं ते वेगळं. मी धंदेवाला माणूस आहे, फसलो तर त्यात माझाही वाटा असतो. आईचा काही वाटा नव्हता.

मी जव्हारचा. म्हणजे जन्माने खोडाळ्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावरचा, पण दुकान जव्हारला आहे म्हणून जव्हारचा. नागली, वरई, खुरासणी म्हणजे कारळे, उडीद घेतो आणि खाली शहराकडे विकतो. सुरुवात एसटी स्टँडवर करवंदं विकून केली. पळसाच्या पानाचा द्रोण खिडकीतून आत द्यायचा आणि हात पुढे करायचा. तिथेच मला कळलं की गाडी सुरू झाली की निम्म्या लोकांना सुटे पैसे सापडत नाहीत. तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. पैसे हातात पडल्याशिवाय माल सोडायचा नाही, आणि माल बघितल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत. धान्याची वानगी तोंडात टाकून चावून बघितल्याशिवाय मी सख्ख्या भावाशीसुद्धा सौदा करत नाही. भाव करताना माझा आवाज चढतो. बायकोच्या मते भाव करत नसतानाही चढलेलाच असतो.

असा मी, त्या गाडीत दोन वेळा आधी देऊन बसलो. ते मला अजून पचलेलं नाही. जेवण तर त्याहून पचलेलं नाही.

आमच्या जव्हार-मोखाड्यात रेल्वेचा रूळ नाही. गाडी बघायची तर कसाऱ्याला नाहीतर इगतपुरीला जायचं. त्यामुळे आमचे लोक गाडीत बसण्याच्या आधी गाडीच्या कामाला लागतात. मी अंगावर पीत होतो तेव्हा आई-बाप जगायला गेले होते. भात कापून झाला की कामासाठी गाव सोडायचं, त्याला आमच्याकडे जगायला जाणं म्हणतात. दुसरा शब्द कुणाला सुचलेला नाही. त्या साली काम घाटात होतं, रुळांवर खडी टाकायचं. एक दिवस लांबची एक गाडी सिग्नलला थांबली. आईच्या डोक्यावर खडीचं घमेलं. तिच्यासमोर जी खिडकी आली तिच्या आत टेबल होतं, टेबलावर पांढरं फडकं होतं आणि एक बाई भात खात होती. भातातून वाफ निघत होती. बाईने आईकडे बघितलं, आईने भाताकडे बघितलं. मग गाडी हलली आणि भात निघून गेला.

ही गोष्ट आईने आम्हाला इतक्या वेळा सांगितली आहे की त्या बाईच्या लुगड्याचा रंग दर खेपेला बदलतो. कधी हिरवा, कधी जांभळा. वाफ मात्र कधी बदलत नाही.

"ताटातनं वाफ निघतेय नि भायेर डोंगर पळतायत," आई म्हणते. "आसं एकदा जेवायचं हाय."

ती देवदर्शन मागत नाही, दागिना मागत नाही. मागून मागून काय मागितलं, तर पळत्या डोंगरासमोर गरम भात. मला वाटलं, ही तर सगळ्यात स्वस्त आई आहे. एवढं आपण सहज देऊ.

गेल्या दिवाळीनंतर वरई सोलायचं यंत्र बघायला मला जबलपूरच्या बाजूला जायचं होतं. सकाळी इगतपुरीला गाडी धरायची, रात्री उतरायचं. मी आईचंही तिकीट काढलं. तिकीट काढून देणाऱ्या एजंटाला विचारलं, "गाडीला जेवणाचा डबा आहे ना?" तो म्हणाला, "आहे." मी विचारलं, "जेवण तिथे मिळतं ना?" तो म्हणाला, "तिथेच तर बनतं." तो खोटं बोलला नाही, हे मला मान्य करावं लागतं. टेबल आहे का, हे मी विचारलंच नाही. आईने सांगितलेला डबा माझ्या डोक्यात इतका पक्का बसला होता की नागलीच्या पोत्यात हात घालून बघणारा मी, न बघता सौदा करून आलो.

निघायच्या आदल्या दिवशी मी आईला एकच अट घातली. आमच्याकडे माणूस दुसऱ्या पाड्यावर लग्नाला निघाला तरी फडक्यात भाकर बांधून निघतो. लग्नात जेवण आहे हे त्याला माहीत असतं, तरी बांधतो. भाकर जवळ असली की माणूस तीच खाणार, आणि एवढ्या वर्षांनी जमून आलेलं जेवण राहून जाणार.

"आये, या खेपेला भाकर बांधायची नाही."

"नाय बांधत."

"शपथ घे."

"भाकरीची शपथ घेऊ नये बाबा."

हे उत्तर मी नीट ऐकायला हवं होतं.

गाडीत आईला खिडकी मिळाली. समोर भुसावळला उतरणारे एक काका होते, पोटाने मोठे आणि बोलायला मोकळे. गाडी नाशिकच्या पुढे गेली तसं मी त्यांना विचारलं, "जेवणाचा डबा पुढे आहे की मागे? गर्दी व्हायच्या आधी आईला नेऊन बसवतो."

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, मग परत माझ्याकडे.

"बसवता कुठे भाऊ? तिथं कढया बसलेल्या आहेत."

"टेबलं असतील ना?"

"टेबलं!" काका इतके हसले की त्यांच्या मांडीवरचा डबा घसरला. "भाऊ, टेबलाचा डबा आमच्या बापाच्या वेळी होता. आता जेवण आपल्याकडे येतं. आपण पायावर पाय ठेवून बसायचं, आणि ते आलं की पाय खाली घ्यायचे. एवढाच मान."

मी आईकडे बघितलं. ती बाहेर बघत होती. म्हणाली, "मांडीवर घेऊ. वाफेला टेबल लागत नाय."

जळगाव यायच्या सुमारास पँट्रीचा माणूस आला. जाड मिशीचा, माझ्याच वयाचा, कमरेला फडकं गुंडाळलेला. एकावर एक थाळ्या रचलेल्या, वर चांदीचा कागद. आणि तोंडाने एकच सूर, "खाना, खाना, वेज खाना." मी त्याला थांबवलं.

"भात गरम आहे?"

"एकदम गरम, साब."

"दाखव."

"क्या?"

"वानगी दाखव. झाकण उघडून दाखव. मग घेतो."

"साब, खोलेगा तो फिर बिकेगा नहीं."

"बघितल्याशिवाय मी विकत घेत नाही."

"तो मत लो साब, पीछे लोग खड़े हैं."

मी भाव करायला लागलो. दोन थाळ्या घेतो, काहीतरी कमी कर. तो म्हणाला फिक्स है. मी म्हणालो फिक्स काही नसतं, मढ्याच्या लाकडाचासुद्धा भाव होतो. तो म्हणाला, ते जाऊन लाकडावाल्याला सांगा. माणूस चलाख होता, मला जरा आवडला. एवढ्यात आईने माझा हात दाबला, "दे रं, त्याचा खोळंबा होतोय." आणि मी पैसे दिले. आधी दिले. करवंदांच्या दिवसांनंतर पहिल्यांदा.

आईने पदर नीट केला, थाळी मांडीवर घेतली आणि चांदीचा कागद हळूच एका कोपऱ्यातून सोडवला, जणू आत कुणी झोपलं आहे. मग थाळीवर तळहात धरला. जरा वेळ धरून ठेवला. मग थाळी तोंडाजवळ नेली.

"निवला आसंल," ती म्हणाली.

निवला! तो भात निवायच्या पलीकडे गेलेला होता. धान्य ही माझी भाकर आहे, मला त्यातलं कळतं. चमचा घातला तर भात उचलला जाईना, वडीसारखा कापला गेला. वरचे दाणे कडक, खालचे लगदा. याचा अर्थ तो एकदा शिजला, एकदा थिजला, मग कुणाला तरी दया आली आणि त्याला परत वाफेवर धरला, आणि मग परत थिजला. डाळ म्हणजे पिवळं पाणी. डाळीचे दाणे तळाशी होते, एकमेकांपासून लांब, भांडण झालेल्या भावकीसारखे. पराठे दोन होते, पण ते एकच आहेत असं त्यांचं मत होतं. लोणच्याची पुडी मला दातांनी फाडावी लागली आणि लोणचं माझ्या सदऱ्याने खाल्लं. पनीरचे तीन तुकडे होते. त्यातला एक आईने बराच वेळ चावला.

"हे काय हाय?"

"दुधाचं असतं."

"दूध चावाय लागतं?"

समोरच्या काकांनी आपल्या डब्यातलं भरीत आमच्या पुढे केलं. "ताई, हे घ्या. गाडीतलं जेवण भूक मारायला असतं. जेवायला घरून आणायचं असतं."

"ऐकलंस?" आई मला म्हणाली.

मी भडकलोच होतो, आणखी भडकलो. पण आईने त्या थाळीतलं सगळं संपवलं. शेवटचं शीत बोटाने टिपलं. आमच्याकडे पानात पडलेल्या अन्नाला नाव ठेवत नाहीत. ठेवलं तर पुढच्या साली पीक रुसतं म्हणतात. माझा धंदाच नावं ठेवण्याचा आहे. रोज सकाळी मी वीस माणसांच्या नागलीला नावं ठेवतो आणि पीक अजून रुसलेलं नाही. म्हणून मी दोघांच्या वाटचं बोललो. चाळीस माणसांच्या डब्यात माझाच आवाज होता. काका भुसावळला उतरताना म्हणाले, "भाऊ, तुम्ही बोलला छान. पण भात तुमचं ऐकून गरम व्हायचा नाही. पँट्रीत जा."

ते उतरले आणि आईने खरा घोटाळा केला.

दोन्ही रिकाम्या थाळ्या घेऊन ती बेसिनपाशी गेली आणि त्या चांदीच्या कागदाच्या थाळ्या धुऊन, पदराने पुसून परत आली. मग सीटखाली वाकून माझीच पिशवी ओढली, माझ्या धोतराच्या घडीत हात घातला आणि फडकं बाहेर काढलं. आत चार भाकऱ्या. नागलीच्या, वीटभट्टीच्या रंगाच्या, आणि खुरासणीच्या चटणीची पुडी.

"आये! नाही बांधत म्हणालीस ना?"

"तुझ्या धोतरात बांधल्या. माझ्या नाय."

तिने दोन-दोन भाकऱ्या एकेका थाळीत ठेवल्या. ज्या खोबणीत पनीर होतं तिथे चटणी. तेवढ्यात मिशीवाला रिकाम्या थाळ्या गोळा करायला काळी पिशवी घेऊन आला. आईने दोन्ही थाळ्या त्याच्यापुढे धरल्या.

"ये क्या है माताजी?"

"भाकर. घे. रिकामं भांडं कसं परत देऊ?"

हे मला मिशीवाल्याला समजावून सांगायला लागलं, आणि सांगताना लाजही वाटली. आमच्या पाड्यावर शेजारणीने वाटीभर भाजी पाठवली तर वाटी रिकामी परत जात नाही. काही नसेल तर दोन मिरच्या, तेही नसेल तर चिमूटभर मीठ, पण रिकामी नाही. माझ्या आईला कोण सांगणार की ही भांडी फेकायची असतात? मी सांगितलं. ती म्हणाली, "फेकायचं? भांडं? मग ती आणतात कुठनं एवढी?"

मिशीवाल्याने थाळ्या दोन्ही हातांनी घेतल्या. कपाळाला लावल्या. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, माणूस बरा आहे. तो बराच असावा. कडी त्याने लावली नाही, हे मी आधीच सांगून टाकतो.

थोड्या वेळाने मी उठलो. माझ्या थाळीतला भाताचा एक तुकडा मी कागदात बांधून ठेवला होता. तक्रार करायची तर वानगी हवी. आईला सांगितलं, इथेच बस, आणि पँट्रीकडे निघालो. मधे एसीचा डबा लागला. थंडगार, पडदे लावलेले, लोक झोपलेले. एका पडद्याआड चष्म्यातला एक गृहस्थ मांडीवरचा कॉम्प्युटर बाजूला ठेवून जेवत होता. त्याच्या पुढ्यात चांदीची थाळी होती आणि थाळीत नागलीची भाकरी होती.

माझी आई भाकरी तव्यावर टाकण्याआधी मधोमध अंगठा दाबते. चटणीला जागा. पाड्यावर दुसरं कुणी तसं करत नाही. तिचा अंगठा खडीच्या कामात चेपलेला आहे, म्हणून खळगा एका बाजूला तिरका पडतो. तो तिरका खळगा माझ्यासमोर होता आणि त्यात खुरासणीची चटणी होती.

"ही कुठे मिळाली?" मी विचारलं.

गृहस्थ पुण्याकडचा निघाला. खूश झाला. "अहो, पँट्रीची स्पेशल डिश आहे. लिमिटेड होती. तुम्हाला माहिती नसेल, याला मिलेट म्हणतात."

"याला नागली म्हणतात."

"नाचणी हो. म्हणजे मिलेटच. फायबर बघा किती आहे. रेल्वेत असं काही मिळेल असं वाटलं नव्हतं. मी लगेच मोबाइलवरून फीडबॅक दिला, पाच स्टार."

मी किंमत विचारली. त्याने सांगितली. एका भाकरीला त्याने आमच्या अख्ख्या थाळीपेक्षा जास्त दिले होते. आणि आनंदाने दिले होते, भाव न करता. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिल्यांदा राग आला नाही. पहिल्यांदा आलं ते असं, की एवढा भाव मला आजवर कुणी का दिला नाही? राग दुसऱ्या नंबरला आला. पण तो पँट्रीत पोचेपर्यंत चांगला मोठा झाला होता.

पँट्रीच्या दारात पाय ठेवला आणि माझा चष्मा पांढरा झाला. वाफ! अख्खा डबा वाफेने भरलेला. मोठमोठी पातेली, घामाने निथळणारे दोन आचारी, चहाची टाकी फुसफुसतेय. चष्मा पुसून बघतो तर आतल्या बाजूला एका पातेल्यात तांदूळ धुऊन ठेवलेला. एवढी वर्षं आईने जी वाफ शोधली ती सगळी या एका डब्यात कोंडून ठेवलेली होती, आणि बाहेर जाताना थाळीबरोबर कुणी तिला जाऊ देत नव्हतं.

मॅनेजर एका कोपऱ्यात खोक्यावर बसला होता. अंगाने किडकिडीत, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. मी भाताचा तुकडा त्याच्यापुढे ठेवला.

"हे काय आहे?"

त्याने बघितलं. "चावल."

"दगड आहे. तक्रारीचं पुस्तक काढ. आणि एक सांग, माझ्या आईची भाकरी एसीत कुणी विकली?"

यावर मात्र त्याने मान वर केली. मागे मिशीवाला उभा होता, तो जमिनीकडे बघायला लागला. "मैंने तो सर को दिखाया था, खाने के लिए," तो पुटपुटला.

मॅनेजर उठला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. जो माणूस बोलायच्या आधी खांद्यावर हात ठेवतो त्याच्याशी सौदा करू नये, हे मी जव्हारच्या पोरासोरांना सांगत असतो. पण त्याने विचारलं, "आपको चाहिए क्या, भाईसाब?" आणि मला एकदम काय पाहिजे ते दिसलं. वाफेत दिसलं. पैसे नकोत, पुस्तक नको. इथे, या खिडकीपाशी, एक डबा उलटा टाकून आईला बसवायचं आणि पातेल्यातून थेट ताटात भात.

मी तेच सांगितलं. त्याने विचार केला. "चार बजे चावल उतरेगा. चार बजे माताजी को ले आओ. बैठा के खिलाएगा. लेकिन कंप्लेन नहीं."

"आणि भाकऱ्या?"

"वो भी भूल जाओ."

मी तोलून बघितलं. एक तक्रार आणि चार भाकऱ्या जातात, आईचं जेवण येतं. सौदा आमच्या बाजूचा होता. मी हात पुढे केला, त्याने हातावर हात मारला. भाताचा तुकडा, माझा एकमेव पुरावा, त्याने उचलला आणि खिडकीबाहेर टाकला. मी हसलो. हसलो! शहाणा मी. त्याचं त्याला मिळालं होतं आणि माझं चार वाजता मिळणार होतं. पुन्हा आधी दिलं.

आईला सांगितलं. मग तिने पिशवीतून नवं लुगडं काढलं, जे यंत्रवाल्याच्या घरी नेसायला आणलं होतं, आणि त्या हलत्या गाडीत कसंबसं नेसून आली. केस पाण्याने चापून बसवले. विचारलं, "हात तिथं धुवायचे का हितनंच धुऊन जायचं?"

"इथून धुऊन जा."

खांडवा मागे पडलं. सातपुड्याचे डोंगर खिडकीत आले, आमच्यापेक्षा मोठे, पण रंगाने आमच्यासारखेच. आई म्हणाली, "पळतायत बघ." चारला दहा कमी असताना आम्ही निघालो. डब्याडब्यांच्या मधल्या हलत्या पत्र्यावर ती घाबरली नाही. घाटात खडीवर चाललेले पाय आहेत. एसीच्या डब्यातून जाताना तिने थंडीने पदर गुंडाळला आणि चष्मेवाल्याने मला ओळखून हात हलवला. त्याची थाळी आता रिकामी होती.

पँट्रीचं दार बंद होतं.

मी ढकललं. आतून कडी होती. मी ठोठावलं, मग जोरात ठोठावलं, मग लाथ घातली. आतून आवाज आला, "पैसेंजर अलाउड नहीं!" आवाज मॅनेजरचा होता, मी शपथेवर सांगतो. मी म्हणालो, "अरे, तूच बोलावलंस! चार वाजले!" आतून भांड्याचा आवाज आला. झारा पातेल्यावर आपटला की जो येतो तो. भात उतरत होता.

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. मराठीत बोललो, हिंदीत बोललो, आणि शेवटी आमच्या घरच्या बोलीत बोललो, कारण शिव्या तिच्यातच चांगल्या आहेत. एसीचे पडदे एकेक करून उघडले.

आईने मला बाजूला सारलं. दाराला वरच्या अंगाला काचेचा एक तुकडा होता, मळकट. ती चवड्यांवर उभी राहिली आणि काचेला डोळा लावला. गाडी हलत होती तशी ती हलत होती, नव्या लुगड्यात, हात धुतलेली. बराच वेळ बघत राहिली.

"दिसतेय," ती म्हणाली.

"काय?"

"वाफ. लय हाय."

मग खाली उतरली आणि म्हणाली, "चल. कामात आसतील ती." परतताना एकदा थांबली आणि मला म्हणाली, "भाकर आसती तर आता खाल्ली आसती."

घरी आल्यावर मी भाच्याकडून तक्रार लिहवून घेतली, मोबाइलवरून पाठवली. गाडी, तारीख, डबा, थंड भात, भाकऱ्या, कडी, सगळं. बायको वाचून म्हणाली, "तुम्ही खोडाळ्याच्या बाजारात बायकांच्या नागलीचं काय करता? कमी भावाने घेता आणि जास्त भावाने विकताच की." मी म्हणालो, "मी तोंडावर भाव करतो. आणि बोलावून कडी लावत नाही." ती म्हणाली, "एवढाच फरक?" मी म्हणालो, "एवढाच, पण आहे." त्या आठवड्यात खोडाळ्याला मी जरा कमी ओरडलो. एका बाईने विचारलं, "शेट, बरं नाय का?"

महिन्याने उत्तर आलं. भाच्याने वाचून दाखवलं. सदर दिवशी सदर गाडीतील भोजनाबाबत एका प्रवाशाने पूर्ण समाधान व्यक्त केले असून पारंपरिक नाचणीच्या भाकरीची विशेष प्रशंसा केली आहे. सबब आपल्या तक्रारीत तथ्य आढळून येत नाही. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

म्हणजे माझ्या आईच्या भाकरीने माझ्या आईची तक्रार निकाली काढली. मी हे उत्तर आईला समजावून सांगितलं. तिला त्यातलं एवढंच कळलं की भाकर आवडली. खूश झाली. म्हणाली, "चटणी जरा तिखट झाली व्हती. त्यांनी सांगितलं नाय वाटतं."

आईचं वय सत्तरीच्या पुढे आहे. गुडघे दुखतात. यंत्र मी घेतलं नाही, त्यामुळे त्या बाजूला परत जायचं काही कारण उरलेलं नाही. ती अजून ती गोष्ट सांगते, पण आता तिला शेवट जोडला आहे: काचेतून वाफ बघितली, लय होती. ऐकणारे विचारतात, मग जेवलीस का? आणि ती माझ्याकडे बघते, जणू ते माझ्याकडे शिल्लक आहे.

ते माझ्याकडे नाही. मी माझं दिलं होतं, दोन्ही खेपांना, आधी. तेव्हा ज्यांनी तक्रार निकाली काढली त्यांच्याकडे माझी मागणी आहे. मला पैसे परत नकोत आणि माफीचं पत्रही नको. तो किडकिडीत, पांढऱ्या शर्टाचा माणूस जव्हारला पाठवा. स्टँडवर उतरून नागलीवाला कुठे राहतो विचारलं की कुणीही दाखवेल. आई त्याला जेवायला वाढेल, तिला मी थांबवू शकणार नाही. भात गरम असेल, हेही आत्ताच सांगतो. पण पानावर बसण्याआधी त्याने माझ्या आईसमोर उभं राहायचं आणि एवढ्याचं उत्तर द्यायचं: बाई हात धुऊन दारात आली होती, भात उतरला होता, मग कडी का लावलीस?